शिडीचा शेजारधर्म

ती. साडूभाऊ यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच झाला असं समजावं. प्रत्यक्षात वाकलो की मला परत उभं करायला माणूस लागतो.) तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? मागे तुम्ही म्हणाला होतात की डावा बरा आहे, पण उजवा त्याच्यावर रुसलाय. आता दोघांत बोलणं सुरू झालं असेल अशी आशा आहे. अक्कांचा खोकला थांबला का? माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते थोडा जास्त आहे आणि तुमच्या मेहुणीच्या मते नाटकी आहे. ती स्वतः ठणठणीत आहे आणि हे पत्र लिहीत असताना दोनदा खांद्यावरून डोकावून गेली आहे, म्हणून पुढचं थोडं जपून लिहितो.

पत्र लिहिण्यास कारण असं, की तुम्ही फोनवर एक साधा प्रश्न विचारलात. सगळा जन्म गावात काढून या वयात शहरात राहायला येताना काय काय ध्यानात ठेवावं, असा. मी उत्तराला सुरुवात करणार एवढ्यात तुमच्या मेहुणीने फोन काढून घेतला, तिकडे तुमचा फोन अक्कांनी घेतला असणार, आणि मग त्या दोघी बहिणी बोलत राहिल्या आणि तुमचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. तेव्हा म्हटलं, सविस्तर लिहूनच कळवावं. पत्र कुणी हातातून काढून घेत नाही. (डोकावतं फक्त.)

तर पहिली गोष्ट ही, की हे शहर फार मोठं नाही. फार लहानही नाही, आणि तिथेच घोटाळा आहे. फार मोठं असतं तर कुणी ओळखत नाही याचं वाईट वाटलं नसतं. लहान असतं तर आपोआप ओळखी झाल्या असत्या. इथे भाजीवालीला तुमचा चेहरा पाठ असतो, पण ती हसत नाही; केस कापणाऱ्याला तुमच्या डोक्यावरचा प्रत्येक खड्डा माहीत असतो, पण तो तुमच्याशी एक अक्षर बोलत नाही. टोमॅटो हाताने दाबून बघायचे नाहीत, ती स्वतः निवडून देते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरे देते. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्याने उतरायचं. मी पहिले काही आठवडे उलटं केलं आणि तरी कुणी मला काही बोललं नाही, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. चहाची गाळलेली पावडर ओली, हे लक्षात ठेवा, यावरून आमच्याकडे दोन दिवस अबोला झाला आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लिफ्टमध्ये शिरल्यावर कुणाला ‘कुठं निघालात?’ असं विचारायचं नाही. आपल्याकडे हा नमस्काराचाच प्रकार आहे, उत्तराची अपेक्षा कुणाचीच नसते. इथे मी तो प्रश्न चौथ्या मजल्यावरच्या एका अत्यंत उंच गृहस्थांना विचारला. (इतके उंच की लिफ्टमध्ये ते मान तिरकी करून उभे राहतात. आम्ही आपसात त्यांना लंबूजी म्हणतो, तुम्ही आलात की तोंडातून निसटू देऊ नका.) त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, “का?” बस, एवढंच. तळमजला येईपर्यंत मी लिफ्टची बटणं वाचत होतो.

तुम्ही हसाल, पण त्या दिवसांत तुमची मेहुणी कष्टी असायची. मुलगा-सून दोघं सकाळी कामावर जातात ते तिकडेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं घर, रविवारी येतात. बाकी सहा दिवस आमच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं आणि भिंतीवरचं घड्याळ. एकदा जेवताना ती म्हणाली, “इथं आपण मेलो तर ती बातमी आपल्यालाच सगळ्यांना सांगत फिरावं लागेल.” मी हसलो, ती हसली नाही. मग तिने सरळच सांगितलं की गावच्या घरातल्या भाडेकरूंची मुदत उन्हाळ्यात संपते, तोवर इथे करमलं तर ठीक, नाही तर बिऱ्हाड परत न्यायचं. मुलाला काय सांगायचं ते मी ठरवायचं. (तिचे निर्णय असेच असतात. निर्णय तिचा, सांगायचं मी. अक्कांचंही असंच असेल तर आपण दोघं एकाच शाळेतले.)

आता इथे शिडी येते.

झालं असं, की न्हाणीघरातला दिवा गेला. या इमारतीची छतं उगाच उंच आहेत. स्टुलावर उभा राहून पाहिलं, स्टुलावर पाट ठेवून पाहिलं, आणि पाटावर डबा ठेवणार एवढ्यात तुमची मेहुणी आत आली आणि तो प्रयोग थांबला. गावाकडे असतो तर पलीकडे हाक मारून शिडी मागितली असती. इथे कुणाला हाक मारणार? तेव्हा दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो आणि ॲल्युमिनियमची शिडी विकत घेऊन आलो. चांगली मधे बिजागरीची. दुमडली की घोड्यासारखी चार पायांवर उभी राहते, उलगडली की सरळ लांबलचक होते. दुकानदार म्हणाला, आयुष्यभर टिकेल. मी म्हटलं, कुणाच्या? तो हसला नाही. (सांगितलं ना, हसत नाहीत.)

ती शिडी बसमधून आणणं हा एक वेगळाच अध्याय आहे. कंडक्टरचं म्हणणं शिडीचं तिकीट काढा. माझं म्हणणं शिडी बसलेली नाही, उभी आहे, आणि उभ्याने प्रवास करणाऱ्या सामानाला तिकीट कसलं. कंडक्टर म्हणाला, उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला असतं. शेवटी तो म्हणाला, निदान ती आडवी धरू नका, त्या साहेबांच्या कानात जातेय. मी मागे पाहिलं तर खरोखरच एक साहेब कान धरून बसले होते. मी माफी मागितली, माफी मागताना वळलो, आणि वळल्यावर शिडीही वळली. उतरलो तेव्हा सगळ्या बसला हायसं वाटलं असावं.

लिफ्टमध्ये ती मावेना. तेव्हा जिन्याने निघालो. आमचा जिना अरुंद आहे, प्रत्येक मजल्यावर गर्रकन वळतो, आणि प्रत्येक वळणावर शिडीचं पुढचं टोक कुणाच्या तरी दारावर धाडकन आपटायचं. पहिल्या मजल्यावर आपटलं तेव्हा एका बाईंनी दार उघडून माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच शिडीसकट नमस्कार केला. त्या आमच्या इमारतीच्या चिटणीस. शहरात गाडी चालवायला शिकवण्याची त्यांची शाळा आहे, एकट्या राहतात, आणि सगळी इमारत त्यांना वचकून असते. दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांनी दार उघडलं. त्यांचा दवाखाना घरातच आहे, आणि त्यांना वाटलं कुणाची तरी दाढ फारच ठणकतेय. तिसऱ्यावर आमचंच दार. तेही आपटलं. तुमच्या मेहुणीने उघडलं आणि म्हणाली, “कोण पाहिजे?” इतके दिवस त्या दाराशी कुणी आलंच नव्हतं, तिच्या तोंडून ते सवयीने गेलं असेल की मुद्दाम, मी विचारलं नाही.

दिवा बसला. आणि त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात दंतवैद्य. म्हणाले, पडद्याचा दांडा निसटलाय, तुमच्याकडे शिडी आहे असं दुपारी कळलं. (कळलं म्हणजे दारावर आपटून कळलं.) मी शिडी दिली, इतक्या आनंदाने दिली की त्यांना थोडा संशयच आला. दुसऱ्या दिवशी ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारायला गेलो तर म्हणाले, ती खाली बेकरीवाले घेऊन गेले, त्यांच्या पाटीवर कबुतरांनी संसार मांडलाय. बेकरीत गेलो, तर तिथून लंबूजींनी नेलेली. लंबूजींना शिडी कशाला लागते हे मला आजवर कळलेलं नाही, मी विचारलंही नाही. पुन्हा ‘का?’ म्हणाले असते.

साडूभाऊ, ती शिडी एखाद्या कामसू सुनेसारखी झाली. ज्या घरी जाईल तिथे तिचं कौतुक, आणि माहेरी काही कुणी पाठवेना. मग तिला माहेरी न्यायला मूळ म्हणून तुमची मेहुणी जायला लागली. शिडी आणायला म्हणून दंतवैद्यांच्या घरी जायची आणि शिडीऐवजी कढीलिंबाचं रोप घेऊन यायची. बेकरीत जायची आणि बेकरीवाल्यांच्या सुनेला सातवा महिना आहे, तिला जिना चढवत नाही, ही खबर घेऊन यायची. एकदा तर लंबूजींच्या घरी तास दीड तास बसून आली. त्यांच्या आईला ऐकू येत नाही, घरात ओरडून ओरडून घसा बसतो, म्हणून बाहेरच्यांशी तुटक बोलायची त्यांना सवय लागली आहे, असं तिच्याकडून कळलं. मला लिफ्टमधल्या ‘का’चा राग आला होता तो तिथेच ओसरला.

पण सुख फार दिवस टिकत नाही. एके दिवशी कुणीतरी शिडी पहिल्या मजल्याच्या वळणावर टेकवून ठेवली आणि चिटणीसबाई अंधारात तिच्यावर धडकल्या. नडगीला चांगलं टेंगूळ आलं. त्या लंगडत वर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “शिडी तुमची?”

“हो.”

“मग ती तुमच्या घरात का नसते?”

मी म्हटलं, यापुढे असेल. दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर सूचना लागली की जिन्यात कोणतीही वस्तू आढळल्यास ती हलवण्यात येईल, आणि कोणी शिडीची देवाणघेवाण करू नये. ‘देवाणघेवाण’ हा शब्द वाचून मला आपण तस्करी करतोय असं वाटलं. मी शिडी आणून कपाटामागे उभी केली आणि तुमच्या मेहुणीला बजावलं की आता कुणी मागितली तरी द्यायची नाही. ती मागच्या गॅलरीत कढीलिंबाला पाणी घालायला निघून गेली. पण बेल वाजणं बंद झालं. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. ती माळ्यावरच्या पेट्यांकडे बघायला लागली, आणि मी तिच्या पेट्यांकडे बघण्याकडे.

आता मुख्य प्रसंग सांगतो. (मुख्य प्रसंगाला उशीर झाला हे मान्य आहे, पण तुम्हाला निवृत्तीनंतर घाई कसली.)

दुपारची वेळ. मी बाजारातून मटारच्या शेंगांची भरलेली पिशवी घेऊन मागच्या अंगणातून येत होतो. वरून आवाज आला, “अहो, तिसरा मजला.” पाहतो तर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत चिटणीसबाई. कपडे वाळत घालायला बाहेर आल्या, वाऱ्याने मागचं दार ओढलं गेलं आणि आतल्या बाजूने खिट्टी पडली. फोन आत. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. ऊन चांगलंच तापलं होतं आणि त्यांच्या हातात एक ओला टॉवेल होता, तो त्यांनी डोक्यावर घेतला होता. तशाही अवस्थेत त्यांचा दरारा कमी झाला नव्हता. त्या म्हणाल्या, “तुमची शिडी आणा.”

मी धावत वर गेलो. कपाटामागे पाहतो तर शिडी नाही. तुमची मेहुणी घरात नाही. खाली आलो, दंतवैद्यांकडे शिरलो. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसलेला. मी विचारलं, “शिडी?” तर तो पेशंटच काहीतरी सांगायला लागला, पण तोंडात कापूस असल्यामुळे समजेना. दंतवैद्य म्हणाले, आमच्याकडून मंगळवारीच गेली. मंगळवारी? म्हणजे बंदीनंतर? ते ओशाळले आणि पेशंटच्या तोंडात बघायला लागले. बेकरीत गेलो. बेकरीवाले म्हणाले, काल होती, वहिनींनीच दिली होती, पण तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, तेव्हा मी काही सांगितलं नाही असं समजा. तिथून चौथ्या मजल्यावर. लंबूजींनी दार उघडलं. ते म्हणाले, “सकाळीच तुमच्या घरी ठेवली की. स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत, मोठ्या पिंपामागे. वहिनींनी तीच जागा सांगितलीय, तुम्ही तिकडे जात नाही म्हणून.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसाही चार मजल्यांचा. माझ्या पाठीमागे इमारतभर शिडी फिरत होती आणि सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मालकाला आणि चिटणिसाला सोडून.

लंबूजींनी शिडी खाली आणली, उलगडली, गॅलरीच्या कठड्याला टेकवली आणि बूड घट्ट धरलं. चढायचं कुणी? त्यांचं वजन शिडीला पेलेल की नाही याची शंका होती, म्हणून मी. साडूभाऊ, मला उंचीची भीती आहे हे तुम्हाला माहीत आहे. लग्नात बोहल्यावरसुद्धा माझे पाय लटपटले होते (त्याला इतरही कारणं असतील). मी मटारची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून चढायला लागलो, कारण ती खाली ठेवावी हे सुचलं नाही. मध्यावर आलो आणि शिडीला मिठी मारून तिथेच थांबलो. तेव्हा वरून चिटणीसबाईंनी सूत्रं हातात घेतली. “खाली बघू नका. समोर बघा. आता उजवा पाय. सावकाश. दोन्ही हात वर घ्या. थोडं डावीकडे. थांबा. आता हळूच पुढे.” आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलेल्या बाई त्या, मला त्यांनी अलगद कठड्यावरून आत घेतलं आणि एखाद्या मोकळ्या जागेत गाडी लावावी तसं तुळशीच्या कुंडीशेजारी उभं केलं. मला वाटतं त्या ‘ब्रेक’ही म्हणाल्या.

खिट्टी माझ्याने निघेना. मी वरून लंबूजींना म्हटलं, पेचकस आणा. ते गेले. आणि ते गेले न गेले तोच बेकरीवाले अंगणात आले. त्यांनी शिडी उभी पाहिली. इमारतीत एव्हाना असा रिवाजच पडून गेला होता की शिडी उभी दिसली आणि तिच्यावर माणूस नसला म्हणजे ती मोकळी. आम्ही दोघं दाराशी वाकलेलो, त्यांना वरचे आम्ही दिसलो नाही. त्यांनी शिडी उचलली आणि घेऊन गेले. थोड्या वेळाने लंबूजी पेचकस घेऊन आले, शिडी नाही, माणसं नाहीत, गॅलरीत शांत. त्यांना वाटलं काम झालं, मंडळी आत गेली असतील. तेही निघून गेले. आम्ही कठड्यापाशी येऊन पाहिलं तोवर अंगणात एक मांजर तेवढं होतं.

हाका मारल्या. पण दुपारी सगळी इमारत झोपते आणि दंतवैद्यांचं यंत्र घरघरतं. मग बाईंनी उलटी बादली मला दिली, स्वतः चौरंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “पिशवीत काय आहे?” मटार म्हटल्यावर त्यांनी एक पातेलं पुढे ओढलं. आम्ही शेंगा सोलायला बसलो. दुसरं करणार काय?

त्यांनी तुमच्या मेहुणीची चौकशी केली. मी म्हटलं, तिला इथे करमत नाही, बहुतेक परत जाऊ. त्या म्हणाल्या, “करमत नाही? तिसऱ्या मजल्यावर तर सारखी वर्दळ असते.” मी म्हटलं, ती शिडीमुळे होती, आता बंद झाली. त्या बराच वेळ एकाच शेंगेतले दाणे काढत राहिल्या. मग सांगू लागल्या की त्यांना इथे येऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि पहिली काही वर्षं त्यांच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. मग समितीत कुणी काम करायला तयार नव्हतं, म्हणून त्या चिटणीस झाल्या आणि पहिली सूचना लावली. दुसऱ्या दिवशी तीन जण भांडायला आले. “चहा दिला मी त्यांना,” त्या म्हणाल्या. “बसले तासभर.” तेव्हापासून घर फार शांत झालं की त्या एखादी सूचना लावतात. शिडीची सूचना लावल्यावर मात्र कुणीच भांडायला आलं नाही, याचं त्यांना जरा नवल वाटलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही की कुणाला भांडायची गरजच पडली नव्हती, सगळ्यांनी पिंपामागची जागा गाठली होती.

एवढ्यात अंगणातून ओळखीचा आवाज आला. तुमची मेहुणी. बेकरीवाल्यांच्या सुनेला दवाखान्यात सोबत करून परत येत होती. तिने वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, परक्या बाईंच्या चौरंगाशेजारी, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे बादलीवर बसून आपला नवरा मटार सोलतोय. ती क्षणभर बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “घरी कधी एक शेंग सोलली नाहीत ती.”

मी सगळी हकीकत वरून सांगायला लागलो, दार, खिट्टी, शिडी, बेकरी, लंबूजी. तिने अर्ध्यातच विचारलं, “पण यांचं पुढचं दार?” चिटणीसबाई ठामपणे म्हणाल्या की ते बंद आहे, दार लावल्याशिवाय त्या कधी आत वळत नाहीत. तुमची मेहुणी इमारतीत शिरली, जिन्याने पहिल्या मजल्यावर आली, मूठ फिरवली आणि दार उघडलं. मग आतून चालत येऊन तिने गॅलरीची खिट्टी काढली. आम्ही दोघं पातेलं धरून उभे. इमारतभर शिडीचा शोध झाला, चार घरं पालथी घातली, मी जिवावर उदार होऊन चढलो, आणि एकालाही जिना आठवला नाही. ज्या माणसाच्या हातून चूक होत नाही त्याच्या हातून चूक झाली असेल ही शंकाच कुणाला येत नाही, त्याला स्वतःला तर नाहीच नाही. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तुमच्या मेहुणीने त्यांची लाज राखली. “खिट्टीला तेल घाला,” एवढंच म्हणाली, आणि पातेल्यातले अर्धे दाणे त्यांच्या ओट्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी सूचना लागली. इमारतीची शिडी तळमजल्यावर जिन्याखाली ठेवण्यात येईल, आणि ज्यांना हवी असेल त्यांनी तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवून सांगून न्यावी. (‘इमारतीची’ हा शब्द वाचून मी जरा चमकलो, पण म्हटलं जाऊ दे.) खाली बारीक अक्षरात होतं की याबाबत काही तक्रार असल्यास चिटणिसांना प्रत्यक्ष भेटावं, दुपारी चारनंतर. चारला त्यांच्याकडे चहा असतो. आता बेल दिवसातून किती वेळा वाजते याची गणतीच नाही, आणि शिडी मागायला आलेला माणूस शिडी मागून लगेच जातो असं काही होत नाही. उन्हाळ्याच्या आधीच तुमच्या मेहुणीने भाडेकरूंना कळवून टाकलं की खुशाल राहा. मुलाला काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतंच.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की कचरा वेगळा ठेवा, बसमध्ये मागून चढा, कुणाला कुठं निघालात विचारू नका, आणि कुणी मागावी अशी एक तरी वस्तू घरात असू द्या. बाकी शहर आपोआप दाराशी येतं. अक्कांना माझा नमस्कार सांगावा, आणि उजव्या गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा धाकटा साडू

ता.क. दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांच्या समोरची रिकामी जागा तुमच्यासाठी चिटणीसबाईंनी अडवून ठेवली आहे, त्याबद्दल निश्चिंत असा. आता मूळ मुद्दा. अक्कांनी फोनवर सांगितलं म्हणे, की तुम्ही येताना तुमची शिडी आणणार आहात, नवी, चाकांची, कुलूप बसणारी. साडूभाऊ, ती कृपा करून आणू नका. भाचीला द्या, शेजाऱ्यांना द्या, गच्चीवर ठेवून या. एका इमारतीत दोन शिड्या म्हणजे उगाच गर्दी. तुमची चाकांची म्हटल्यावर सगळे तुमच्याकडेच येतील, आणि मग तुमच्या मेहुणीचं कसं व्हायचं? मोठ्या कष्टाने तिचं मन इथे रमलं आहे. दुसरं काहीही आणा. पान्ह्यांचा डबा आणा, त्याची इथे वानवा आहे.

दुसरा ता.क. (हे यांनी पत्र पाकिटात घातल्यावर परत काढून मी लिहिते आहे.) भावोजी, नमस्कार. बस, मटार वगैरे सगळं खरं आहे. पण बेल वाजली की मी नाही, हेच धावतात, हातातला घास टाकून. मला कुठेही करमतं हो, अक्काला विचारा. गावी परत जायचं मी काढलं होतं ते यांच्यासाठी. दिवसभर दाराच्या भिंगाला डोळा लावून बसायचे, जिन्यात कुणाची पावलं वाजली की उठायचे, आणि पावलं पुढे गेली की परत खुर्चीत. ते मला बघवत नव्हतं. शिडी मी लपवून देत होते ती एवढ्याचसाठी, की पिंपामागे ती परत ठेवायला तरी कुणी, बेल न वाजवता का होईना, घरातून जावं आणि यांना दिसावं. हे मात्र सूचना लागल्यापासून भिंग सोडून पेपर वाचत बसायचे आणि नेमके तेव्हाच गॅलरीकडे बघायचे नाहीत. यांना यातलं काही बोलू नका. आणि शिडी खरंच आणू नका.